श्रेयांकाची हुंडी

मारेगाव तालुक्याच्या एका कडेने वर्धा नदी वाहते आणि तिच्या पलीकडच्या काठावर चंद्रपूर जिल्ह्याची हद्द लागते. सरहद्द होऊन राहण्याची या नदीची परंपरा जुनी आहे. एका अंगाला नागपूरकर भोसल्यांचा मुलूख आणि दुसऱ्या अंगाला निजामाचे वऱ्हाड अशी तिची वाटणी पुष्कळ काळ टिकली. पुढे १८५३ साली वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, नागपूरचे राज्य खालसा होऊन १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला, तरी दोन काठांचे दफ्तर दोन निरनिराळ्या कचेऱ्यांत राहिले, आणि १९०३ साली वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले तेव्हा कोठे ते एका छपराखाली आले. आजचा यवतमाळ जिल्हा त्या काळी वणीच्या नावाने ओळखला जाई. ही जुनी हकीकत येथे सांगण्याचे कारण असे की, राज्यकारभारात पुसली गेलेली ती रेषा विद्येच्या कारभारात पुन्हा उमटली आहे, आणि ती कशी उमटली हे पाहिल्यावाचून प्रस्तुत प्रश्नाचे मर्म ध्यानात येणार नाही.

४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठाची स्थापना झाली तेव्हा वणी-मारेगावचा मुलगा आणि वरोऱ्याचा मुलगा एकाच विद्यापीठाचे विद्यार्थी होते. बापाची बदली झाली, शेती बुडाली, घर हलले, तरी मुलाचे एका काठावरचे वर्ष दुसऱ्या काठावर वर्ष म्हणूनच मोजले जात होते. कारण परीक्षा एक, अभ्यासक्रम एक आणि गुणपत्रिकेवरील शिक्का एक. १९८३ साली पश्चिम विदर्भासाठी अमरावती विद्यापीठ वेगळे झाले, आज ते संत गाडगे बाबांच्या नावाने ओळखले जाते. आणि २०११ साली चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ निघाले. दोन्ही स्थापना न्याय्य होत्या. दूरच्या नागपूरला खेटे घालणाऱ्या विद्यार्थ्याला विद्यापीठ जवळ आणून देण्याची ती तजवीज होती आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण विद्यापीठे जवळ आली तशा त्यांच्या सीमाही जवळ आल्या. आज मारेगावहून उत्तरेस हिंगणघाटला गेलेला विद्यार्थी नागपूर विद्यापीठाच्या क्षेत्रात शिरतो, वर्धा ओलांडून वरोऱ्याला गेलेला गोंडवानाच्या, आणि दक्षिणेस पैनगंगा उतरून आदिलाबादला गेलेला तर दुसऱ्या राज्याच्या. एका दिवसात एस. टी. ने जाऊन येण्याजोग्या टापूत तीन विद्यापीठांच्या सरहद्दी एकमेकींना भिडलेल्या आहेत.

या सरहद्दी सर्वांत जास्त कोण ओलांडते, याचा विचार मात्र क्वचितच होतो. उच्च शिक्षणातील संस्थांतराची चर्चा आपल्याकडे बहुधा अशा विद्यार्थ्याच्या अनुरोधाने चालते, ज्याला पुण्यात एक विषय, मुंबईत दुसरा आणि संगणकाच्या पडद्यावर तिसरा विषय घ्यावयाचा आहे. असे विद्यार्थी असतील आणि त्यांचे भले होवो. परंतु आमच्या भागात सरहद्द ओलांडते ती मुख्यतः सासरी जाणारी मुलगी. वणीला बी. ए. चे पहिले किंवा दुसरे वर्ष पुरे झालेले असते, उन्हाळ्यात लग्न होते, सासर भद्रावतीला किंवा हिंगणघाटला असते, आणि आषाढात महाविद्यालयांचे प्रवेश सुरू होतात तेव्हा तिच्या हाती एक गुणपत्रिका असते जिचे काय करावे हे माहेरी वा सासरी कोणालाच ठाऊक नसते. तिच्या मागोमाग येतो तो सिमेंटच्या कारखान्यात किंवा कोळशाच्या खाणीवर कंत्राटी काम धरलेला मुलगा, ज्याचे शिक्षण सोयाबीनच्या एका बुडालेल्या हंगामात तुटले. आजीवन अध्ययन हा शब्द युनेस्कोसाठी एडगर फोर यांच्या समितीने १९७२ साली दिलेल्या अहवालापासून जगभर रूढ झाला. मारेगावात त्याचा साधा अर्थ असा की, तुटलेला धागा पुन्हा जोडता यावा, आणि तो जेथे तुटला तेथूनच जोडता यावा.

इंग्रजी ‘क्रेडिट’ या एकाच शब्दाला मराठीत दोन प्रतिशब्द मिळाले आहेत. व्यापाऱ्याने त्याला पत म्हटले आणि विद्यापीठाने श्रेयांक म्हटले. श्रेयांक हा शब्द भारदस्त आहे, परंतु या व्यवहाराचे रहस्य पत या शब्दात अधिक आहे असे मला वाटते. जुन्या काळी अमरावतीच्या कापूस बाजारातला व्यापारी रोकड बरोबर घेऊन प्रवास करीत नसे. तो एका पेढीवर पैसे भरून हुंडी घेई आणि दूरच्या पेठेत दुसऱ्या पेढीवर ती दाखवून पैसे उचली. हुंडी म्हणजे कागदाचा कपटा. तिच्यात सामर्थ्य येई ते पलीकडच्या सराफाने ती सकारली म्हणजे. लिहिणाऱ्याचे अक्षर कितीही वळणदार असले आणि खतावणी कितीही चोख असली, तरी सकारणारा नसेल तर हुंडी वटत नाही. श्रेयांकाचे हस्तांतर ही अशीच हुंडी आहे. आणि गेल्या काही वर्षांत आपण हुंडी लिहिण्याची व तिची नोंद ठेवण्याची व्यवस्था उत्तम केली, पण ती सकारण्याचे बंधन कोणावरही घातले नाही, हे या आढाव्यात मला प्रामुख्याने मांडावयाचे आहे.

श्रेयांक ही कल्पना मुळात हिशेबाच्याच गरजेतून जन्मली. अमेरिकेत १९०५ साली अँड्र्यू कार्नेगी यांनी महाविद्यालयीन अध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी निधी दिला. त्या निधीचा लाभ कोणत्या संस्थांना द्यावा हे ठरविताना महाविद्यालय म्हणजे काय याची व्याख्या करणे प्राप्त झाले, ती करताना प्रवेशापूर्वी विद्यार्थ्याने शाळेत किती शिकलेले असावे हे मोजणे भाग पडले, आणि त्यातून वर्षभरात एका विषयाचे सुमारे १२० तास म्हणजे एक एकक हे माप ठरले. ज्ञान मोजता येत नाही, तास मोजता येतात. म्हणून तासांना ज्ञानाचे प्रतिनिधित्व मिळाले. या मापातील अपुरेपणा तेव्हापासून आजवर अनेकांनी दाखविला आहे, तथापि त्याच्या जागी दुसरे सर्वमान्य माप कोणी आणू शकले नाही. आपल्याकडे हे माप मुख्य विद्यापीठांच्या आधी कृषी विद्यापीठांत आले. अमेरिकेच्या लँड-ग्रँट महाविद्यालयांचा कित्ता गिरवून देशात जी कृषी विद्यापीठे निघाली त्यांत सत्र आणि श्रेयांक यांची पद्धत होती, आणि १९६९ साली अकोल्यास स्थापन झालेले पंजाबराव कृषी विद्यापीठ त्यांपैकीच एक. म्हणजे वऱ्हाडच्या भूमीला श्रेयांक अपरिचित नव्हता. कला-वाणिज्याच्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचायला मात्र त्याला दीर्घ काळ लागला. तोवर तो विद्यार्थी वार्षिक परीक्षा, एटीकेटी आणि उत्तीर्ण विषयांतील सूट यांच्या आधारे आपली नाव हाकीत होता. आणि ही सूटही त्याच्या स्वतःच्या विद्यापीठाच्या वेशीपर्यंतच चालत असे.

आजची व्यवस्था २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणावर उभी आहे. त्या धोरणाला अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२१ मध्ये विनियम काढून शैक्षणिक श्रेयांक पेढी स्थापन केली. या पेढीत प्रत्येक विद्यार्थ्याचे खाते असते. मान्यताप्राप्त संस्थेत मिळविलेले श्रेयांक ती संस्थाच त्याच्या नावे जमा करते, विद्यार्थ्याला स्वतः कागद नेऊन भरता येत नाही. जमा झालेल्या श्रेयांकांची मुदत सर्वसाधारणपणे सात वर्षांची. आणि पुरेसे श्रेयांक झाले की पदवी देणारी संस्था ते खात्यातून वळते करून पदवी देते. खाते डिजिलॉकरशी जोडलेले असून त्याला आता अपार या नावाचा बारा अंकी क्रमांक आहे. एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय श्रेयांक आराखडा आला. त्याने अध्ययनाचे ३० तास म्हणजे एक श्रेयांक आणि १,२०० तासांचे वर्ष म्हणजे ४० श्रेयांक असे सूत्र शाळेपासून विद्यापीठापर्यंत व व्यवसायशिक्षणालाही लावले आणि कामाच्या अनुभवालाही एकापासून दोनपर्यंतच्या भारांकाने मोजण्याची सोय केली. पदवीची तीन वर्षे १२० श्रेयांकांची, चौथे सन्मान वर्ष धरल्यास १६० ची. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते, मात्र त्यासाठी चार श्रेयांकांचे कौशल्याचे काम अधिक करावे लागते, आणि पुढे तीन वर्षांच्या आत परत येऊन एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते. महाराष्ट्र शासनाने २०२३ च्या एप्रिल-मे महिन्यांतील निर्णयांनी हीच रचना स्वीकारली, फक्त सत्राला २० ते २२ श्रेयांक असा पल्ला ठेवल्याने येथील तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ श्रेयांकांची झाली. स्वायत्त महाविद्यालयांत ती २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून अमलात आली. स्वयम् या शासकीय व्यासपीठावरील अभ्यासक्रमांतून पूर्वी वीस टक्के श्रेयांक घेता येत, २०२१ पासून ती मर्यादा चाळीस टक्के झाली.

एवढे वाचून कोणालाही वाटेल की आता राहिले काय? हा प्रश्न वणीहून भद्रावतीला गेलेल्या त्या मुलीच्या बाजूने विचारून पाहावा. तिने दोन वर्षे पुरी केली, तिच्या खात्यात ८० श्रेयांक आहेत, पदवीला ४० कमी आहेत. परंतु पेढीच्या विनियमांप्रमाणे पदवी देणाऱ्या संस्थेतूनच किमान निम्मे श्रेयांक मिळवावे लागतात, म्हणजे १२० पैकी ६०. आणि नियमाचा अक्षरार्थ घेतला तर तिला नव्या विद्यापीठात एका वर्षाऐवजी दीड वर्ष बसावे लागेल व आधीचे २० श्रेयांक खात्यात असूनही निरुपयोगी ठरतील. हे झाले केवळ गणिताचे. विषयांची गोष्ट याहून बिकट आहे. अर्थशास्त्राची जी अभ्यासपत्रिका अमरावतीला तिसऱ्या सत्रात आहे ती दुसरीकडे पाचव्यात असू शकते. तिचे शीर्षक वेगळे, श्रेयांक चाराऐवजी तीन, अशी तफावत निघू शकते. ही समकक्षता ठरविण्याचा अधिकार प्रवेश देणाऱ्या विद्यापीठाच्या मंडळाचा. पेढी श्रेयांक जपून ठेवते. ते घ्यावेत असे ती कोणाला सांगू शकत नाही, आणि स्वतः पदवी देण्याचा अधिकार तर तिला नाहीच. म्हणून स्थलांतर प्रमाणपत्र, पात्रता प्रमाणपत्र, त्यांचे शुल्क, त्यांच्या मुदती आणि ‘समिती बसेल तेव्हा कळवू’ हे उत्तर, हा जुना मार्ग नव्या व्यवस्थेच्या खाली जसाच्या तसा वाहतो आहे.

याच ठिकाणी दक्षिण कोरियाचा दाखला उद्बोधक ठरतो. त्या देशाने १९९७ साली श्रेयांकांना मान्यता देणारा कायदा केला आणि १९९८ पासून श्रेयांक पेढी चालविली. आपल्या पेढीचे नावही तिच्या नावासारखेच आहे. परंतु तेथे निरनिराळ्या संस्थांत, प्रशिक्षण केंद्रांत, स्वतंत्र परीक्षांतून, इतकेच नव्हे तर राष्ट्रीय वारसा म्हणून मान्यता पावलेल्या पारंपरिक कलांच्या गुरूकडे शिकूनही मिळविलेले श्रेयांक साठत जातात, आणि १४० झाले की पदवी थेट शिक्षणमंत्र्यांच्या नावाने देता येते. ज्याला कोणतेही विद्यापीठ सकारीत नाही त्याची हुंडी सरकार स्वतः सकारते. युरोपने दुसरा मार्ग घेतला. १९८९ साली इरॅस्मस योजनेच्या पोटात त्यांनी श्रेयांक हस्तांतराची पद्धत सुरू केली, वर्षाला ६० श्रेयांक हे एकच माप ठरविले, आणि १९९७ च्या लिस्बन करारात एक असे तत्त्व नमूद केले की ज्यामुळे सगळा न्यायच उलटा झाला. बाहेरची पात्रता मान्य करावी. ती नाकारावयाची असेल तर दोन्ही शिक्षणांत भरीव भेद आहे हे नाकारणाऱ्याने सिद्ध करावे. आपल्याकडे ‘माझे शिक्षण तुमच्यासारखेच आहे’ हे सिद्ध करण्याचा भार सर्वांत दुर्बळ पक्षावर, म्हणजे विद्यार्थ्यावर आहे. तेथे ‘ते तसे नाही’ हे सिद्ध करण्याचा भार संस्थेवर आहे. एका वाक्याचा हा फरक माझ्या मते एखाद्या संगणकप्रणालीपेक्षा मोठा आहे.

आणि जेथे सकारण्याचे असे बंधन नाही तेथे श्रीमंत देशातही काय होते हे पाहावयाचे तर अमेरिकेकडे पाहावे. श्रेयांकाच्या या माहेरघरी तेथील संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ साली हिशेब मांडला, तेव्हा एका संस्थेतून दुसरीत गेलेल्या विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के श्रेयांक वाटेत बुडाल्याचा अंदाज निघाला. शंभराहून अधिक वर्षांचा सराव असलेल्या देशाची ही गत. मग नुसती नोंदवही घालून दिल्याने हस्तांतर आपोआप होईल अशी आशा आपण कोणत्या आधारावर करावी?

या कामी आपल्या देशातच एक कटू अनुभव ताजा आहे. शिक्षणहक्क कायद्यात २०१७ साली दुरुस्ती करून प्रशिक्षण न घेतलेल्या सेवेतील शिक्षकांना पदविका पुरी करण्याची मुदत दिली गेली, आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत १८ महिन्यांचा अभ्यासक्रम चालविला गेला. देशभरातील लाखो शिक्षकांनी त्यात नाव घातले, सुट्यांत वर्ग केले, परीक्षा दिल्या. पुढे ती पदविका दोन वर्षांच्या नियमित पदविकेच्या बरोबरीची धरावी काय हा वाद उभा राहिला. न्यायालयांचे निर्णय निरनिराळे झाले, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तशी धरता येणार नाही असे सांगितले. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने खुलासा केला की १० ऑगस्ट २०१७ रोजी सेवेत असलेल्यांपुरती ती ग्राह्य आहे. कायद्याच्या दृष्टीने हे निर्णय कसे बसतात याची चर्चा कायदेपंडितांनी करावी. मला दिसते ते इतकेच की, केंद्राच्या कायद्यातून निघालेली, राष्ट्रीय संस्थेने लिहिलेली हुंडीसुद्धा नोकरीच्या पेढीवर कित्येक वर्षे अडून राहिली. कारण ती किती किमतीची, हे लिहिणाऱ्याने आणि घेणाऱ्याने आधी बसून ठरविले नव्हते.

याच्या उलट, जेथे ते आधी ठरले तेथे गाजावाजा न होता काम चालू आहे. तंत्रनिकेतनाची पदविका घेतलेला विद्यार्थी अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात जातो, आयटीआयचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलेला मुलगा तंत्रनिकेतनाच्या थेट दुसऱ्या वर्षात जातो, आणि या मार्गाने या जिल्ह्यातील शेतकऱ्यांची व मजुरांची पुष्कळ मुले अभियंता झालेली आहेत. तेथे कोणी समितीपुढे अर्ज घेऊन उभा राहत नाही. जागा राखलेल्या असतात, गुणांची यादी लागते आणि प्रवेश होतो. श्रेयांक हा शब्दही न उच्चारता महाराष्ट्रात सर्वांत यशस्वी झालेले श्रेयांक हस्तांतर हेच आहे. शालेय पातळीवर मुक्त विद्यालयी संस्था इतर मंडळांत उत्तीर्ण झालेले दोन विषय पुढे ओढून घेऊ देते आणि पाच वर्षांत नऊ संधी देते. दहावीत इंग्रजी-गणिताने घात केलेल्या मुलांना याचे मोल विचारावे. आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, जे १९८९ साली राम ताकवले यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले, त्याने पूर्वतयारी अभ्यासक्रम काढून बारावी न झालेल्या प्रौढाला पदवीच्या उंबरठ्यावर आणले. वणी-पांढरकवड्याकडच्या कितीतरी ग्रामसेवकांनी, पोलीस शिपायांनी, अंगणवाडी सेविकांनी रविवारच्या वर्गांना बसून आपली पदवी अशा मार्गांनी पुरी केली आहे. कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितले होते की १९८६ पर्यंत उच्च शिक्षणातील निदान एकतृतीयांश विद्यार्थ्यांची सोय पत्रद्वारा शिक्षण व सायंमहाविद्यालये यांतून व्हावी. त्या दूरदृष्टीला महाराष्ट्रात खऱ्या अर्थाने उत्तर दिले ते या विद्यापीठाने.

अनुभवाला श्रेयांक देण्याची गोष्ट मात्र अजून कागदावरच अधिक आहे, आणि या तालुक्याच्या शेजारी तिचा जो मासला उपलब्ध आहे तो इतका स्पष्ट आहे की येथे थोडे थांबावेसे वाटते. वणीच्या परिसरात उकणी, घोणसा अशा कोळशाच्या खाणी आहेत. खाणीत एका पाळीतील माणसांच्या सुरक्षिततेची जबाबदारी ज्याच्यावर असते त्याला मायनिंग सरदार म्हणतात, त्याच्यावर ओव्हरमन. ही पदे नुसत्या ज्येष्ठतेने मिळत नाहीत. प्रत्यक्ष कामाची वर्षे, प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र आणि त्यावर धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या अखत्यारीतील परीक्षा, अशा तीन पायऱ्या चढाव्या लागतात. वायू कोठे साचतो, तो कसा मोजावा, दगडाचा आवाज बदलला म्हणजे काय समजावे, सुरुंगानंतर किती वेळ माणसे मागे ठेवावीत, हे त्याला यावे लागते, आणि ते न आल्यास माणसे मरतात. आता या माणसाने चाळिसाव्या वर्षी पदवी घ्यावयाचे मनात आणले तर त्याच्या या ज्ञानाचे श्रेयांक किती? राष्ट्रीय आराखड्याप्रमाणे ते असू शकतात. पण ते मोजणार कोण, कोणत्या विषयाच्या खाती मांडणार, भूशास्त्राचे अभ्यासमंडळ त्यांना आपले म्हणेल काय, याचे उत्तर वणीत मिळत नाही. त्याला बारावीनंतरच्या विद्यार्थ्याबरोबर पहिल्या सत्रातील पहिल्या तासापासून बसावे लागते. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात प्रत्येक विद्यापीठासाठी आजीवन अध्ययन व विस्तार मंडळ सांगितलेले आहे. अशा कामासाठी यापेक्षा योग्य मंडळ दुसरे कोणते?

या सर्व प्रकरणी प्राध्यापकवर्गाची जी शंका आहे ती अढीपोटी घेतलेली आहे असे मानणे अन्यायाचे होईल. पदवीवर विद्यापीठाचे नाव असते. ज्या विद्यार्थ्याला आपण पाहिलेले नाही, ज्याची उत्तरपत्रिका आपण तपासलेली नाही, त्याच्या विद्येची हमी आपण कशी द्यावी, हा प्रश्न प्रामाणिक आहे. अंतर्गत मूल्यमापनात कोठे किती सढळपणा चालतो हे सर्वांना माहीत आहे, आणि स्वस्त श्रेयांकाचा बाजार उभा राहिला तर चोख संस्थेचे श्रेयांकही त्याच भावाने मोजले जातील, ही भीती निराधार नाही. संसदेच्या स्थायी समितीने २०२३ साली दुसरी अडचण दाखविली: किती विद्यार्थी मध्येच जातील आणि किती परत येतील याचा अंदाज संस्थेला करता न आल्यास शिक्षकांचे प्रमाण आणि वर्गांची व्यवस्था कोलमडेल. दोन्ही आक्षेप मला मान्य आहेत. परंतु त्यांचा निष्कर्ष ‘म्हणून घेऊ नये’ असा निघत नाही. सराफही प्रत्येक हुंडी डोळे मिटून सकारीत नसे. तो एकमेकांच्या पेढ्यांची माहिती ठेवी आणि आढेवेढे घ्यायचे तर ते पेढ्यांशी घेई, हुंडी घेऊन आलेल्या वाटसरूला तो ओट्यावर तीन महिने बसवून ठेवीत नसे.

मध्येच बाहेर पडण्याच्या सोयीबद्दल माझी स्वतःची एक काळजी आहे. एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन जाणारा मुलगा जर परत येणारच नसेल, तर शिक्षण सुटणे या आपत्तीला आपण फक्त एक सन्माननीय नाव दिले असे होईल. बाहेर पडण्याचे दार रुंद करणे सोपे आहे. परत येण्याचे दार किती रुंद आहे यावर या धोरणाची पारख व्हावयास हवी, आणि तेथे सात वर्षांची मुदत मला अत्यंत खटकते. विसाव्या वर्षी लग्न, बाविसाव्या वर्षी पहिले मूल, पंचविसाव्या वर्षी दुसरे; धाकटे मूल शाळेत जाऊ लागते आणि आईला दुपारचे दोन तास स्वतःचे मिळतात तेव्हा ती तिशीला आलेली असते आणि तिच्या खात्यातील श्रेयांकांची मुदत सरून गेलेली असते. संगणकशास्त्राचे ज्ञान सात वर्षांत जुने होते हे मान्य. मराठी साहित्याचे, इतिहासाचे, राज्यशास्त्राच्या मूलतत्त्वांचे ज्ञान कोणत्या न्यायाने शिळे ठरवावे? जेथे विषय बदलला असेल तेथे एखादी उजळणीची परीक्षा ठेवावी. जीवनाच्या ज्या सात वर्षांत माणसाला शिकता येत नाही, नेमकी तीच मुदत म्हणून मोजणारी व्यवस्था आजीवन अध्ययनाची म्हणवून घेऊ शकत नाही.

स्वयम् वरील अभ्यासक्रमांकडे बोट दाखवून हा प्रश्न सुटला असे सांगणारेही भेटतात. ते अभ्यासक्रम चांगले आहेत, परंतु बव्हंशी इंग्रजीत आहेत, आणि कोलाम आदिवासींच्या पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, मुलीला मराठी हीच शाळेत शिकलेली दुसरी भाषा आहे. शिवाय खाते आधारशी जोडलेले असल्याने आधारवर सासरचे आडनाव आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचे, एवढ्या एका फरकाने सगळे अडते. ही बाब क्षुल्लक वाटेल; खिडकीपाशी उभ्या असलेल्या बाईला ती क्षुल्लक नसते.

करता येण्याजोगे काय आहे? मोठ्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. राज्य शासनाच्या निर्णयाने अमरावती, नागपूर आणि गोंडवाना या तिन्ही विद्यापीठांच्या कला, वाणिज्य व विज्ञान पदव्यांची चौकट आता एक झाली आहे. १९८३ पूर्वी परीक्षेने जे साधत होते ते या चौकटीने पुन्हा साधता येईल. तिन्ही विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांनी विषयवार एकत्र बसून पहिल्या चार सत्रांचा समकक्षता तक्ता करावा आणि दर प्रवेशापूर्वी तो जाहीर करावा. तक्त्यात असलेल्या विषयाला समिती नको, अर्ज नको. तक्त्याबाहेरचा विषय असेल तर तीस दिवसांत निर्णय द्यावा, नकार दिल्यास कारण लेखी द्यावे, आणि मुदतीत उत्तर न गेल्यास श्रेयांक मान्य झाले असे समजावे. निम्म्या श्रेयांकांच्या अटीतून विवाह, बदली आणि विस्थापन यांमुळे जागा सोडणाऱ्यांना सूट द्यावी. आणि खाणीवरच्या सरदाराचे श्रेयांक मोजण्याचा पहिला प्रयोग अमरावती विद्यापीठाच्या आजीवन अध्ययन मंडळाने वणीतच करावा. परीक्षेची प्रश्नपत्रिका भूशास्त्राच्या प्राध्यापकाने आणि निवृत्त ओव्हरमनने मिळून काढावी.

तोवर मारेगावच्या महाविद्यालयात एक साधी गोष्ट येत्या जून महिन्यापासूनही होऊ शकेल. महाविद्यालय सोडल्याचा दाखला किंवा स्थलांतर प्रमाणपत्र मागायला जी मुलगी येईल, तिला ते कागद देताना कारकुनाने तिचे श्रेयांक खात्यात चढले आहेत की नाहीत हे तिच्यासमोर उघडून पाहावे, नावात तफावत असेल तर तेथेच दुरुस्तीचा अर्ज भरून घ्यावा, आणि ज्या अभ्यासपत्रिका तिने उत्तीर्ण केल्या त्यांचा छापील अभ्यासक्रम सही-शिक्क्यानिशी तिच्या हाती द्यावा. कारण पलीकडच्या काठावर पहिल्यांदा मागितला जातो तो हाच कागद, आणि तो आणण्यासाठी तिला पुन्हा माहेरी येता येईलच असे नाही.